बारा खिळे

शिरोलीच्या ऑफिसात, माझ्या खुर्चीमागं,
एक फळी आहे. बारा गाड्या, बारा खिळे.
प्रत्येक किल्लीखाली चिकटपट्टी,
तिच्यावर ड्रायव्हरचं नाव, माझ्या अक्षरात.
माणूस गेला की जुनी पट्टी मी काढत नाही,
वरून नवी लावते.
चार नंबरच्या खिळ्याखाली
आता पुठ्ठ्याएवढा थर झालाय.

दस्तगीर जमादारनं खंडेनवमीला गाडी धुतली,
बॉनेटला हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली,
आणि दुसऱ्या दिवशी किल्ली टेबलावर.
"गाडीवर राग न्हाई माझा," एवढंच म्हणाला.
निवृत्ती खोत दोन हजार जादा म्हणून कागलला गेला,
परत आला, परत गेला.
एकानं तर किणी टोलनाक्याच्या अलीकडंच
भरलेली गाडी बाजूला घेतली.
मेसेज आला: किल्ली डाव्या टायरवर हाय.

माणसं टिकत का नाहीत,
हे शोधायला मालकांनी पुण्याहून एक साहेब आणला.
त्यानं भिंतीवर रंगीत आलेख लावला.
आलेखाशेजारी फोटोची चौकट: महिन्याचा उत्तम चालक.
बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ.
पहिलं मिळालं आप्पासो मगदूमला.
महिन्यातले चोवीस दिवस बाहेर असणारा माणूस
ते खोकं उलटंपालटं करून बघत होता.
"घरात वेळ बघायची कुणी?" म्हणाला, हसला.
तो गेला, त्याला पाच महिने झाले.
खोकं अजून फायलींच्या कपाटावर आहे.
सेल घातलेला असणार, कधीकधी टिकटिक ऐकू येते.

माझं कामही सांगते.
स्क्रीनवर बारा ठिपके चालत असतात.
एखादा थांबून लाल झाला की मी फोन लावते:
गाडी का थांबली?
होसूरच्या कारखान्याच्या गेटवर
कास्टिंग उतरवायला छत्तीस तास रांगेत उभी असते,
तेव्हा मी फोन करत नाही.
ते थांबणं हिशेबात धरलेलं नाही,
त्याचा भत्ताही नाही.
पण तुमकूरच्या पुढं कुणी अकरा मिनिटं थांबला,
की मी आहेच.
"मॅडम, लघवीबी लाल दिसतीया का तिकडं?"
भैरू नलवडे म्हणाला होता.
ऑफिसात सगळे हसले. मी रजिस्टरात लिहिलं:
अकरा मिनिटं, कारण वैयक्तिक.

त्याच भैरूचा ठिपका
जूनमध्ये एकदा भर दुपारी शिऱ्याजवळ लाल झाला.
मी फोन केला. तो घाईत म्हणाला,
"पोरीचा धाव्वीचा निकाल लागलाय,
दुसऱ्या लायनीवर हाय ती. ठिवू का?"
ठेवा म्हणायचं होतं.
तोंडातून आलं, "किती पडले?"
पलीकडं नुसती ट्रकांची घरघर.
मग, "ठावं न्हाई अजून. तुमीच मदी आलाय."

अर्ध्या तासानं त्याचा फोन आला. "एकाहत्तर."
ठिपका तोवर लालच होता.
रजिस्टरात मी ती ओळ कोरी सोडली.

याचा काही उपयोग झाला, असं नाही.
ऑगस्टात तोही गेला.
किल्ली खिळ्याला स्वतः अडकवली,
रुमालानं पुसून.
"पोरीला सायन्सला घातलंय," म्हणाला,
"तुमच्या पगारात बसत न्हाई."
तुमच्या म्हणाला. मीही इथं पगारच घेते,
आणि तो त्याच्याहून कमी आहे.
पण फोन करणारी मी होते, म्हणून गप्प बसले.

आज सकाळी नवा पोरगा आला, बाजारभोगावचा.
लायसन प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन घड्या घालून.
नाव विचारलं. "गुंडू बेलेकर."
मी कात्री घेतली, पट्टी कापली.
तो फळीपाशी जाऊन चार नंबरच्या थराची कड
नखानं उचकटून बघत होता.
खालून अर्धा "नल", त्याच्याखाली कुणाचा तरी "स".
बराच वेळ काही बोलला नाही.
मग वळला आणि अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला,

"आत्ता पेन्सिलनं लिवा, मॅडम.
पेनाचं बघू दिवाळीला."